फाटकापाशी अडलेला बंब

मित्रांनो, मी एक जुना आगीचा बंब आहे आणि मला उभं राहायला अजिबात आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझी चिडचिड ऐकून तुम्ही दचकायला नको. म्हातारपणी माणूस शांत होतो म्हणे. बंब होत नाही. माझी चाकं आता मातीत रुतली आहेत, बॅटरी कुणीतरी केव्हाच काढून नेली आहे, तरी रस्त्यावरून आगीची घंटा वाजत गेली की माझ्या रिकाम्या टाकीत कालवाकालव होते. वाटतं, अरे, मला सोडून कुठं निघालात?

माझा जन्म मुंबईतल्या एका मोठ्या शेडमध्ये झाला. एका ट्रकच्या सांगाड्यावर कारागिरांनी माझं अंग चढवलं. पोटात पाण्याची टाकी बसवली, मागं पंप लावला, डोक्यावर शिडी बांधली आणि ड्रायव्हरच्या शेजारी पितळेची घंटा टांगली. शेवटी रंगारी आला. त्यानं मला लालभडक रंग दिला आणि दोन पावलं मागं जाऊन म्हणाला, "आता याला बघून सगळे बाजूला होतील." मी ते खरंच मानलं. लहानपणी आपण मोठ्यांचं सगळंच खरं मानतो. रेल्वेचं फाटक नावाची वस्तू मी तोवर पाहिली नव्हती, हेही खरं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला बोईसरला आणलं. रुळांच्या पश्चिमेला कारखान्यांची वसाहत वाढत होती. आज इथं पत्र्याची शेड, उद्या तिथं चिमणी. हवेला रोज नवा वास. शिफ्टच्या बसेस धूळ उडवत यायच्या आणि झोपाळलेली माणसं उतरवून तशाच निघून जायच्या. या वसाहतीच्या तोंडाशी आमचं फायर स्टेशन होतं. मी आत उभा आणि माझं नाक रस्त्याकडं. केव्हा एकदा बोलावणं येतंय असं मला सारखं व्हायचं. आमच्याकडं आगीच्या बोलावण्याला वर्दी म्हणतात. वर्दी आली की घंटा व्हायची, फायरमन बूट चढवत धावायचे आणि माझं इंजिन घरघरायला लागायचं. त्या क्षणासारखं सुख नाही, मित्रांनो. आग लागावी असं मी कधीच म्हटलं नाही. पण लागलीच असेल तर मी तिथं असावं, एवढंच माझं म्हणणं.

माझा ड्रायव्हर होता पुंजाराम. मराठवाड्यातून आलेला, अंगानं किडकिडीत, आवाजानं मात्र घंटेला भारी. सकाळी आल्याआल्या तो माझ्या बॉनेटवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "काय गड्या, झोप झाली का?" मला झोप कुठली! त्यालाही नसायचीच. दोघंही एकाच मातीचे, सारखे चुळबुळणारे. चहाचा पेला हातात घेऊन तो रस्त्याकडं बघत उभा राहायचा आणि अर्धा चहा तसाच थंड व्हायचा.

त्याची आई सोजराबाई त्याच्याबरोबर राहायची. खोली होती रुळांच्या पलीकडं, पूर्वेला, नळाजवळच्या चाळीत. तिकडं भाडं कमी होतं. सोजराबाई सकाळी ज्वारीच्या भाकऱ्या थापायची आणि टोपली घेऊन फाटकाशी बसायची. भाकरी, ठेचा आणि कांदा. शिफ्टला जाणारे कामगार फडक्यात बांधून न्यायचे. म्हणजे बघा, पुंजारामची नोकरी फाटकाच्या अलीकडं, घर पलीकडं आणि आई बरोबर मधोमध.

पलीकडची वस्ती कशी वाढली ते मी फाटकापाशी थांबून थांबून पाहिलं आहे. आधी तिथं गवताच्या वखारीच होत्या. पावसाळा सरला की पाड्यांवरची माणसं डोंगरउताराचं गवत कापून आणायची. वखारीत ते दाबून गासड्या बांधायच्या आणि त्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांकडं रवाना व्हायच्या. मग कारखान्यांना माणसं लागली, माणसांना खोल्या लागल्या. वखारीला लागून चाळ, चाळीला लागून झोपड्या, झोपड्यांना लागून पुन्हा वखार. चुली, स्टोव्ह, विड्या आणि डोंगराएवढं वाळलं गवत, सगळं एकमेकांना चिकटून. हे दृश्य पाहून कुठलाही बंब टाकी भरून ठेवील. आणि त्या सगळ्याच्या आणि माझ्यामध्ये ते फाटक.

फाटकावर भिका होता. जवळच्याच पाड्यावरचा, काळासावळा, नाकासमोर चालणारा माणूस. खाकी सदऱ्याची सगळी बटणं लावून बसायचा. गाडी यायची असली की स्टेशन मास्तरांचा फोन त्याच्या खोपटात खणखणायचा, भिका फाटक लावायचा आणि चावी फिरवायचा. मग ती गाडी निघून जाईपर्यंत फाटक कुणाच्या बापाला उघडता येत नसे, खुद्द भिकालाही नाही. पण लोकांना दम कुठला? पायी माणसं दांड्याखालून वाकून जायची. सायकलवाले सायकल आडवी करून सरपटवत न्यायचे. भिकाला याचा भयंकर राग. समोर गाडी येतेय आणि हे रुळांवर! त्यानं आरडून पाहिलं, हात जोडून पाहिले. शेवटी त्यानं एक शिक्षा काढली. वाकून जाणारा सायकलवाला सापडला की भिका त्याच्या दोन्ही चाकांची हवा सोडून द्यायचा. अख्ख्या बोईसरात त्या शिक्षेची धास्ती होती. साहेबाला कुणी भीत नसेल, पण भिकाला सगळे भ्यायचे. कामाला निघालेल्या माणसानं सायकल ढकलत जायचं म्हणजे हजेरी बुडालीच.

आता त्या दिवसाचं सांगतो. उन्हाळा लागला होता. दुपार कलंडली होती. वखारीतला हमाल जिवल्या सायकल मारत फायर स्टेशनात शिरला. धापा टाकत होता. "आग! वखारीत आग लागली हाय!" घंटा झाली. फायरमन धावले. पुंजारामनं मला सुरू केलं आणि जिवल्याला ओरडून विचारलं, "फाटक बंद व्हतं का रं?"

"बंद व्हतं. पन मी तिकडच्या टोकानं, गवताच्या ट्रकामागून निघालो. भिकाला पत्ताच लागू दिला नाय!"

"शाब्बास!" पुंजाराम म्हणाला. बाकीच्यांनीही त्याच्या पाठीवर थाप मारली. मलाही तो पोरगेला गडी मोठा हुशार वाटला.

आम्ही सुटलो. घंटा घणघणत होती, बसेस बाजूला होत होत्या, रंगाऱ्याचे शब्द खरे होत होते. आणि वळण घेतलं तर पुढं फाटक बंद.

जिवल्या येताना ज्या गाडीसाठी फाटक बंद होतं, ती गाडी गेली होती. भिकानं मधे फाटक उघडून बैलगाड्या सोडल्या होत्या आणि आता मालगाडीसाठी पुन्हा लावलं होतं. चावी फिरली होती. पलीकडं वखारीवर धूर चढत होता. मी फाटकाला नाक लावून थरथरत उभा होतो. टाकी काठोकाठ भरलेली, पंप तयार, आणि काही करता येत नव्हतं. मित्रांनो, त्या वेळी जी तगमग झाली ती मी अजून विसरलेलो नाही.

पुंजारामनं खाली उडी मारली आणि भिकाची कॉलर धरली. "उघड! दिसत न्हाई का तुला? आग लागलीय तिकडं!"

"दिसतंय ना आता! पन मालगाडीला लाइन दिली हाय, फाटक माज्या हातात नाय!" भिका म्हणाला. "आधी कोनी सांगितलं आमाला? मालगाडी मागं सिग्नलला थांबवली असती मास्तरांनी. आमाला सांगितलं कोनी?"

"तुला धूर दिसला न्हाई?"

"गवताचा कचरा रोज जाळतात तिकडं! धूर रोजच असतो!"

मी तेव्हाच ओळखलं. आगीची बातमी घेऊन निघालेला माणूस या भिकाच्या नाकासमोरून गेला होता, आणि सायकलची हवा वाचवण्यासाठी त्याला चुकवून गेला होता. त्यानं एक शब्द टाकला असता तर मालगाडी मागंच अडली असती. पण बंबाला तोंड कुठं असतं? मला फक्त घंटा आहे, आणि तीही दुसऱ्यानं वाजवायची.

मालगाडी आली. एरवी मी तिचे डबे मोजत बसलो असतो. त्या दिवशी मला वाटलं, ही गाडी संपणारच नाही. ती गेली, आम्ही पोचलो, तर वखार बसली होती. शेजारच्या झोपड्यांची ओळ जळून गेली होती. माणसं वाचली, देवाची कृपा. पण वखारीत गासड्या बांधणाऱ्या ठमीच्या झोपडीचे चार काळे खांब तेवढे राहिले होते. वर्षभराचं भात, पावसाळ्यासाठी साठवलेली सुकी मासळी, लग्नातलं लुगडं, सगळं गेलं. आम्ही पाणी मारत होतो आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "राख भिजवायला आले बघा!" लोक हसले. ठमी हसली नाही. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. शिव्या मी पुष्कळ खाल्ल्या आहेत. ते बघणं मला जास्त लागलं.

पुंजारामची तर झोपच उडाली. तो त्याच वस्तीत राहणारा. नळावर गेला की बाया पदराआड काहीतरी पुटपुटायच्या. एकदा सोजराबाईच्या टोपलीपाशी उभा राहून कुणी म्हणालं, "म्हातारे, तुझ्या घराला आग लागली तर तुझा लेक दिवाळीला येईल." ती भाकऱ्या बांधत राहिली. पण त्या दिवसापासून पुंजारामच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पुढची आग आईच्या चाळीत लागली तर?

आमच्या साहेबांनाही ते लागलं होतं. त्यांनी कवायती सुरू केल्या. केव्हाही घंटा करायचे. चहा बशीत ओतलेला असो की ओठाला लावलेला, तो तिथंच ठेवून धावायचं. परत आल्यावर बशीतला चहा कोमट असला तर शाबासकी, गार झाला असला तर पुन्हा कवायत. फायरमन वैतागले, चहावाली पारू तर जास्तच वैतागली, कारण तिच्या चहाला कुणी चांगलं म्हणेना. पण आम्ही चपळ झालो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मी दाराबाहेर असायचो. मला कोण आनंद व्हायचा! आणि मग फाटक यायचं. आम्ही धावून धावून वाचवलेलं सगळं ते एका घासात गिळून टाकायचं.

पुंजारामनं भिकाशी बोलणं टाकलं होतं. फाटकावरून जाताना काम नसताना तो मुद्दाम घंटा बडवायचा. भिका मुद्दाम पाठ फिरवून बसायचा. फाटक आपल्यालाच बघून लवकर लागतं, असं पुंजाराम सगळ्यांना सांगत सुटला होता. मला हे खोटं वाटायचं, पण राग आलेल्या माणसाला बंबानं काय समजवायचं? सगळा पावसाळा असाच धुसफुसत गेला. गवत पुन्हा वाढलं, कापलं, नव्यानं बांधलेल्या वखारीत येऊन रचलं गेलं. मी ते वाढताना बघत होतो.

गाठ सुटली ती सोजराबाईच्या टोपलीपाशी. मी त्या दिवशी तिथंच होतो, नेहमीसारखा अडून. जिवल्या टोपलीशी उकिडवा बसून भाकरी खात होता आणि कुणाला तरी आपली बहादुरी रंगवून सांगत होता. आग कशी लागली, सायकल कशी काढली, ट्रकामागून कसा सटकलो आणि भिकाला कसं फसवलं. सोजराबाईनं भाकरी मोडता मोडता हात थांबवला.

"आरं, मग भिकाला सांगून का न्हाई गेलास?"

"हवा सोडतो ना तो!"

"वखार जळत व्हती आन् तू चाकातली हवा जपलीस व्हय?"

जिवल्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. त्याला बिचाऱ्याला तोवर हे सुचलंच नव्हतं. वाईट नव्हता तो. इथले सगळेच फाटकवाल्याला चुकवत आले होते, तसा तोही.

सोजराबाई उठली. गुडघे धरत माझ्यापाशी आली आणि पुंजारामला म्हणाली, "उतर खाली."

"आये, वर्दीवर न्हाई म्हून काय झालं, डूटीवर हाय मी."

"फाटक बंद हाय. कुठं पळून जातोस? उतर!"

त्याला दंडाला धरून ती भिकाच्या खोपटाशी घेऊन गेली. दोघांना समोरासमोर उभं केलं. दोन बोकड समोरासमोर यावेत तसे ते उभे राहिले. "ह्यो म्हनतो तू उघडलं न्हाई," ती भिकाला म्हणाली. "आन् पुंजा, ह्यो म्हनतो त्याला कुनी सांगितलं न्हाई. दोघांचंबी खरं हाय. आता भांडत बसा, न्हाईतर काय करायचं ते सांगा. माझी चाळ तिकडं हाय."

भिकानं मागं वळून खोपटात पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आमच्यापाशी फोन हाय. मास्तरांकडं जातो. मास्तरांकडून तुमच्या फायरला पन जातो. सायकलीच्या आधी जाईल."

पुंजाराम त्याच्याकडं बघतच राहिला. इतकी वर्षं वर्दी सायकलवरून येत होती, आणि फोन तर फाटकाच्या खोपटातच होता! पण तिथवर कुणी जातच नव्हतं. त्या खोपटातून हवा सोडणारा माणूस बाहेर येतो, एवढंच लोकांना ठाऊक होतं.

दोघं मिळून साहेबांकडं गेले, साहेब स्टेशन मास्तरांकडं गेले. मास्तर सावध माणूस. म्हणाले, "पॅसेंजर अडवीन असा शब्द देत नाही. मालगाडी मात्र बघू. पण खबर आधी आली पाहिजे." मग रेल्वेच्या लोकांकडून रुळाचा एक टाकाऊ तुकडा मिळाला. तो फाटकाशी, पूर्वेच्या बाजूला, चिंचेच्या फांदीला टांगला आणि शेजारी लोखंडी दांडा. आग दिसली की आधी इथं येऊन ठोके द्यायचे. सोजराबाई ते टोपलीपाशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. ठमी पाड्यापाड्यांवर सांगत फिरली. आणि भिकानंही एक अट मान्य केली. आगीची खबर आणणाऱ्याच्या चाकाला तो हात लावणार नाही. "पन खोटी खबर आनली तर दोनी चाकं सोडीन," हेही त्यानं बजावलंच. स्वभाव थोडाच जातो!

त्यानंतरचा उन्हाळा. भर दुपार. मी फायर स्टेशनात नेहमीसारखा चुळबुळत उभा. फोन वाजला. स्टेशन मास्तर बोलत होते. साहेबांनी ऐकलं आणि ओरडले, "फाटकापलीकडं, नळाजवळची चाळ! स्टोव्ह भडकला!"

पुंजारामनं पेला टाकला. फुटल्याचा आवाज मी ऐकला. तो माझ्यात चढला. निघताना नेहमी म्हणायचा ते "चल गड्या" सुद्धा म्हणाला नाही. नळाजवळची चाळ म्हणजे त्याची चाळ, आणि दुपारची वेळ म्हणजे टोपली रिकामी करून सोजराबाई घरी पडलेली असायची. त्यानं गिअर खाडकन टाकला.  मी माझ्या इंजिनाला म्हटलं, बाबा रे, आज दगा देऊ नकोस.

वळण आलं. त्या वळणावर पुंजारामचा पाय इतकी वर्षं आपोआप ब्रेकवर जायचा. त्या दिवशीही गेला. मला वाटलं ओरडावं, अरे नको, समोर बघ!

समोर फाटक उभं होतं. दांडे आभाळाकडं. मधोमध भिका, हातात हिरवा झेंडा, बैलगाड्या आणि ट्रक दोन्ही बाजूंना रेटून त्यानं वाट मोकळी केलेली. चिंचेखाली ठमी दांडा धरून उभी होती. अजून रुळावर ठोके मारत होती, थांबायचं तिला सुचलंच नव्हतं.

"ये पुंजा, ये!" भिका गळा फाडून ओरडला. "उघडं हाय!"

मी रुळांवरून धडधडत गेलो. जाताना डाव्या अंगाला दूरवर दिसलं, सिग्नलपाशी एक मालगाडी उभी होती आणि चिडून शिट्ट्या मारत होती. मित्रांनो, तोवर जन्मभर मी गाड्यांसाठी थांबलो होतो. त्या दिवशी गाडी माझ्यासाठी थांबली. मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

चाळीच्या एका टोकाच्या छपरानं पेट घेतला होता. आग खोलीखोलीनं पुढं सरकत होती आणि सोजराबाईची खोली दुसऱ्या टोकाला. दारात धूर कोंडला होता. लोक हंडे-कळशांनी पाणी फेकत होते. नळाला त्या वेळी पाणी नव्हतंच, होतं ते घराघरातलं प्यायचं पाणी. पाइप उलगडले, पंप घरघरला आणि माझ्या पोटातलं पाणी सुटलं. दोन फायरमन ओली पोती पांघरून आत शिरले. पुंजारामला साहेबांनी पंपापाशीच राहायला सांगितलं होतं. पंप सोडला तर पाणी थांबेल. तो तिथून हलला नाही. मूठ आवळून उभा होता आणि दाराकडं बघत होता. इतका वेळ एका जागी उभा राहिलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मग धुरातून फायरमन बाहेर आला. त्याच्या खांद्याला धरून सोजराबाई. खोकत होती, केस पांढरे होते ते राखेनं काळे झाले होते. खाली बसल्यावर पहिला श्वास धड घेता आला तशी ती म्हणाली, "माझी परात ऱ्हायली आत."

पुंजाराम माझ्या दाराआड गेला. माझ्या लाल पत्र्याला कपाळ टेकून हुंदके देत रडला. बाकीच्यांना वाटलं धूर गेला डोळ्यात. मी कुणाला काही सांगितलं नाही.

चाळीतल्या थोड्या खोल्या गेल्या. बाकीची चाळ राहिली, वखार राहिली, आणि माणसं सगळी राहिली. परात पण निघाली, जरा वाकडी झाली होती इतकंच. परत येताना फाटक बंद होतं, कारण खोळंबलेल्या गाड्या एकामागून एक सोडत होते. पुंजाराम उतरला आणि खोपटाकडं गेला. भिका दारातच उभा होता. त्याला फाटक सोडून कुठं जाता येत नव्हतं, म्हणून पलीकडं काय झालं ते त्याला कळलंच नव्हतं.

"म्हातारी?" त्यानं विचारलं.

"हाय," पुंजाराम म्हणाला. "भाकरी थापाया परातीचं काय करायचं म्हून भांडतीया."

भिका मटकन खाली बसला. पुंजाराम त्याच्या शेजारी बसला. दोघांनी विडी काढली, मग आगीची आठवण होऊन परत खिशात ठेवली. मी फाटकाला नाक लावून उभा होतो. टाकी रिकामी, अंग काजळीनं माखलेलं. एकामागून एक गाड्या जात होत्या. आणि त्या दिवशी, फक्त त्या दिवशी, मला थांबल्याचा राग आला नाही.

पुढं काय व्हायचं ते झालं. बोईसर फुगत गेलं. वखारी उठल्या, तिथं इमारती आल्या, रस्त्यावर रिक्षांची रांग लागली. घराघरात फोन आले तसा चिंचेवरचा रूळ गप्प झाला. एके दिवशी चिंचच तोडली आणि रूळ कुठं गेला ते कुणाला ठाऊक नाही. नवा बंब आला, माझ्याहून मोठा आणि माझ्याहून लाल. मला मैदानांवर पाणी शिंपडायला पाठवू लागले. पुढाऱ्याच्या सभेआधी धूळ बसवायची, हे माझं काम! मी रागानं गळायला लागलो, तर म्हणाले टाकी गंजली. मग मला मागच्या अंगणात आणून लावलं. पुंजाराम निवृत्त होऊन गावी गेला. जायच्या दिवशी बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "चल गड्या." पण चालला तो एकटाच. सोजराबाई त्याच्या आधीच गेली होती, वय होऊन, शांतपणे, आपल्या खोलीत. भिका अधूनमधून यायचा, माझ्या सावलीला बसायचा. आता बऱ्याच दिवसांत दिसला नाही.

मित्रांनो, बंब दिसला की वाट द्या, हे तुम्हाला शाळेत शिकवतात. मी वेगळं सांगतो. वाईट बातमी घेऊन धावत असाल तर वाटेतल्या माणसाला चुकवून जाऊ नका. तो चिडका असेल, तुमच्या चाकाची हवा सोडणारा असेल, पण फाटक त्याच्या हातात असतं. दोन शब्द सांगून जा. सांगायला लागतो तो वेळ फुकट जात नाही. न सांगितल्यानं काय जातं ते मी ठमीच्या दारात पाहिलं आहे.

आणि माझं म्हणाल तर, भंगारवाला येऊन बघून गेला आहे. उद्या मला दोरखंड बांधून ओढत नेणार, पूर्वेला, फाटकापलीकडं. चाकं रुतली आहेत, पण ओढलं तर निघतील असं तो म्हणत होता. जायचं तर आहेच, त्याचं मला काही नाही. फक्त एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर फाटकवाल्याला आधी सांगून ठेवा, की उद्या बंब येतोय. मला तिथं थांबायचं नाही.